व्यवसाय-संवादकांचें मंडळ

१९२० सालीं किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ निघूं लागली, तेव्हां तिचा हेतु अगदीं साधा होता. औंध संस्थानांतील त्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० मध्यें कारखाना वसविला होता. तेथें तयार होणाऱ्या लोखंडी नांगरांची व इतर यंत्रांची माहिती गिऱ्हाइकांस द्यावी, कारखान्याची हालहवाल त्यांना कळवावी, एवढेंच काम तिच्याकडे होतें. संपादक शंकरराव किर्लोस्कर यांनीं पुढें त्या पत्रिकेचा विस्तार केला. १९२९ मध्यें ‘खबर’ हा शब्द गळाला आणि ‘किर्लोस्कर’ मासिक मराठी मध्यमवर्गाच्या घरोघरीं पोंचलें. हा इतिहास मराठी वाचकांच्या परिचयाचा आहे. परंतु आरंभींच्या त्या दिवसांत संपादकाचें काम कोणत्या जातीचें होतें, याचा विचार फारसा होत नाहीं. तो केवळ पत्रकार नव्हता, कारण ज्या कारखान्याविषयीं लिहावयाचें त्याच कारखान्याचें मीठ तो खात होता. तो निव्वळ जाहिरातदारहि नव्हता. कारण पुढचा अंक वाचकानें आपण होऊन उघडावा अशी त्याची इच्छा होती, आणि एकदां थाप कळली म्हणजे वाचक दुसऱ्यांदा पान उलटीत नाहीं.

अशा मनुष्यास इंग्रजींत आज ‘बिझनेस कम्युनिकेटर’ म्हणतात. मराठींत त्याला व्यवसाय-संवादक म्हणावयास हरकत नाहीं. पेढीची गृहपत्रिका, वार्षिक अहवाल, कामगारांसाठीं परिपत्रकें, अध्यक्षांचें भाषण, वृत्तपत्रांना द्यावयाचें उत्तर, आणि अलीकडच्या काळांत संकेतस्थळावरील मजकूर, हें सारें त्याच्या हातून जातें. मालक आणि कामगार, पेढी आणि बाहेरचें जग, यांच्यामधील उंबरठ्यावर तो उभा असतो. उंबरठ्यावरच्या माणसाला दोहों बाजूंचा वारा लागावयाचाच.

हा वारा किती झोंबतो याचें जुनें उदाहरण अमेरिकेंत सांपडतें. मॅसॅच्युसेट्स प्रांतांतील लोवेल गांवीं कापडाच्या गिरण्यांत काम करणाऱ्या मुलींनीं लिहिलेलें ‘लोवेल ऑफरिंग’ हें मासिक १८४० मध्यें निघालें. बारा-बारा तास मागावर उभ्या राहणाऱ्या मुली कविता व निबंध लिहितात याचें देशोदेशीं कौतुक झालें. चार्ल्स डिकन्सनेंहि त्याची वाखाणणी केली. परंतु १८४५ मध्यें सारा बॅगली या कामगार स्त्रीनें उघड आरोप केला कीं, गिरण्यांवर टीका करणारे लेख या मासिकांत छापले जात नाहींत, आणि तें मालकांच्या ओंजळीनें पाणी पितें. संपादिका हॅरिएट फार्ली यांनीं आरोप नाकारला. वाद विकोपास गेला, आणि त्याच वर्षाअखेर मासिक बंद पडलें. बाई खोटें बोलत होत्या असें कोणी सिद्ध केलें नाहीं. काय छापलें नाहीं, हाच खरा प्रश्न होता. आणि गृहपत्रिकेच्या प्रत्येक संपादकाला तो आजतागायत पडत आला आहे.

हा प्रश्न त्यानें विचारावा कोणाला? कारखान्यांत फिटर शेंकड्यांनीं असतात, हिशेबनीस दहा-वीस असतात, इंजिनिअरांचा एक कंपू असतो. संवादक बहुधा एकटा. वरिष्ठांजवळ शंका काढावी तर निष्ठेविषयीं संशय येतो. कामगारांजवळ काढावी तर पेढीचें गुपित फुटतें. शिवाय त्याच्या कसबाला मान द्यावयास सहसा कोणी तयार नसतें. यंत्र कसें चालवावें हें शिकावें लागतें असें सर्वांस मान्य आहे. लिहितां मात्र प्रत्येकालाच येतें, असा सार्वत्रिक समज! या एकटेपणांतूनच संपादकांच्या संघांचा जन्म झाला. अमेरिकेंत औद्योगिक संपादकांचे दोन संघ होते. ते १९७० मध्यें एकत्र आले आणि ‘इंटरनॅशनल असोसिएशन ऑफ बिझनेस कम्युनिकेटर्स’, संक्षेपानें आय. ए. बी. सी., ही संस्था उभी राहिली. १९७४ मध्यें कॅनडांतील संघहि तिला मिळाला. ‘संपादक’ हा शब्द नांवांतून गेला, कारण काम तोंवर छापखान्याच्या बाहेर पसरलें होतें.

या संस्थेचा खरा जीव तिच्या गांवोगांवच्या शाखांत आहे. टोरांटो, कॅलगरी, ह्यूस्टन अशा शहरांतील शाखा म्हणजे कांहीं भव्य कचेऱ्या नव्हेत. अध्यक्ष एका वर्षापुरता; त्याच्या मागें पुढचा अध्यक्ष काम शिकत असतो आणि मावळता अध्यक्ष सल्ला देण्यास थांबलेला असतो. सारे पदाधिकारी आपापली नोकरी सांभाळून, विनावेतन काम करतात. सभासदाची वर्गणी तीन ठिकाणीं विभागली जाते: मुख्य संस्था, विभाग आणि शाखा. वर्गणी कांहीं थोडीथोडकी नाहीं. पुष्कळांची ती पेढीच भरते. आणि येथेंच एक विपरीत गोष्ट घडते कीं, ज्याची नोकरी गेली त्याला मंडळाची सर्वांत अधिक गरज असते, व नेमका त्याच वेळीं वर्गणी भरणारा उरत नाहीं.

शाखेचें नित्याचें काम म्हणजे दुपारच्या जेवणाच्या किंवा सायंकाळच्या सभा. कोणी जाणता येऊन संपाच्या काळांत कामगारांशीं कसें बोलावें हें सांगतो, कोणी दोन पेढ्यांच्या विलीनीकरणाचा अनुभव कथन करतो. नवशिक्यांना ज्येष्ठांच्या हवालीं करणें, विद्यार्थ्यांना व्यवसायाची तोंडओळख करून देणें, मोकळ्या जागांची यादी सभासदांस कळविणें, हें ओघानेंच येतें. टोरांटोच्या शाखेंत कोणाची नोकरी न करतां स्वतंत्रपणें काम करणाऱ्यांचा निराळा गट आहे. त्यांची मुख्य चौकशी दर काय आकारावा आणि गिऱ्हाईक पैसे थकवितें तेव्हां काय करावें, ही असणें साहजिकच आहे. कांहीं शाखा धर्मादाय संस्थांचें प्रसिद्धीचें काम फुकट करून देतात. त्यांत नवख्याला हात साफ करावयास मिळतो आणि त्या संस्थेला जाणत्याचें मार्गदर्शन मिळतें, असा दुहेरी लाभ आहे.

पारितोषिकांचा प्रकार थोडा विस्तारानें पाहण्याजोगा आहे. मुख्य संस्थेचें पारितोषिक ‘गोल्ड क्विल’, म्हणजे सोन्याची लेखणी, अनेक शाखांचें ‘ब्राँझ क्विल’, टोरांटोचें ‘ओव्हेशन’. येथें नुसता देखणा अंक पाठवून भागत नाहीं. पेढीपुढें अडचण कोणती होती, कोणाशीं बोलावयाचें होतें, काय साधावयाचें ठरविलें, उपाय कोणता योजला, खर्च किती झाला, आणि अखेरीस पदरांत काय पडलें, तें मोजून लिहावें लागतें. परीक्षक १ ते ७ असे गुण देतात. पुष्कळ प्रवेशिका पडतात त्या शेवटच्या पायरीवर. ‘पत्रिकेच्या पांच हजार प्रती वांटल्या’ असें अभिमानानें लिहिलेलें असतें; वांटणें म्हणजे साधणें नव्हे, एवढेंच परीक्षक विचारपूस करून दाखवितात. शिरस्त्राण घालण्याविषयीं पत्रिका काढली असेल तर अपघात किती कमी झाले? हरलेल्यालाहि परीक्षकांचे अभिप्राय मिळतात, आणि जाणते सभासद म्हणतात कीं, शिकावयाचें असेल तर पदकापेक्षां तो कागद अधिक उपयोगी पडतो. ढाल भिंतीवर टांगली जाते. अभिप्राय टेबलाच्या खणांत राहून पुढच्या खेपेस बाहेर निघतो.

सभेंत एकाच धंद्यांतील दोन प्रतिस्पर्धी पेढ्यांचे संवादक शेजारीं बसतात, हेंहि ध्यानांत घ्यावें लागतें. कसबाविषयीं मोकळेपणानें बोलावें, पेढीच्या बेतांविषयीं मौन पाळावें, ही रेषा सांभाळणें सोपें नसतें. संस्थेची नीतिसंहिता गुप्त माहिती जपावयास सांगते. प्रामाणिकपणा ठेवावा, चूक झाल्यास तत्काळ दुरुस्त करावी, आपल्या आवाक्याबाहेरच्या फळाची हमी कोणास देऊं नये, असेंहि ती बजावते. शिक्षेचा बडगा मात्र तिच्या हातीं जवळजवळ नाहीं. वकिलाची सनद जाते तशी संवादकाची कांहीं जात नाहीं. संहितेचें बळ असलेंच तर निराळ्या ठिकाणीं आहे. कारखाना बंद होणार हें ठाऊक असून ‘सर्व कांहीं ठीक आहे’ असें परिपत्रक लिहिण्याचा हुकूम ज्याला झाला आहे, त्याला अशाच प्रसंगांतून गेलेले दोन-चार जण नांवानिशीं ठाऊक असणें, आणि पेढीचें नांव न घेतां त्यांच्याशीं बोलतां येणें, याचें मोल छापील कलमांहून अधिक आहे. ‘एवढेंच लिहीन, याहून अधिक लिहिणार नाहीं’ असें वरिष्ठांस सांगण्याची छाती एकट्याला सहसा होत नाहीं.

हिंदुस्थानांत या चळवळीचें मूळ मुंबईंतच रुजलें. गृहपत्रिकांच्या संपादकांचा येथील संघ १९५७ चा; तोच आज ‘असोसिएशन ऑफ बिझनेस कम्युनिकेटर्स ऑफ इंडिया’ या नांवानें चालतो, आणि त्याच्या वार्षिक पारितोषिकांत भारतीय भाषांतील गृहपत्रिकांनाहि स्थान असतें. पाठोपाठ १९५८ मध्यें ‘पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया’ स्थापन झाली. २१ एप्रिल १९६८ रोजीं दिल्लींत भरलेल्या तिच्या पहिल्या अखिल भारतीय परिषदेंत, १९६५ मध्यें अथेन्स येथें मान्य झालेली जनसंपर्काची नीतिसंहिता स्वीकारण्यांत आली. तो दिवस आजहि जनसंपर्क दिन म्हणून पाळला जातो.

राहिली गोष्ट ओळखीपाळखींची. अशा मंडळांत मनुष्य ‘ओळखी वाढविण्यास’ जातो, असें म्हणतांना ऐकणारा किंचित् हंसतो. परंतु या गोष्टीचा शास्त्रीय अभ्यास झालेला आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानें बोस्टनजवळील न्यूटन गांवीं, नुकतीच नोकरी बदललेल्या सुशिक्षितांची चौकशी केली आणि १९७३ मध्यें तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांना ओळखीनें नोकरी लागली त्यांपैकीं सुमारें १७ टक्के लोकांचीच त्या ओळखीच्या माणसाशीं आठवड्यांतून दोनदां किंवा अधिक वेळां गांठ पडत असे. ५५ टक्क्यांहून अधिक जण त्याला अधूनमधून भेटत, आणि सुमारें २८ टक्के वर्षाकांठीं एकदां किंवा त्याहूनहि कमी. कारण उघड आहे. जिवलग मित्राला जें ठाऊक असतें तें बहुधा आपल्यालाहि ठाऊक असतें; दूरचा परिचित दुसऱ्या वर्तुळांत वावरतो, म्हणून नवी बातमी आणतो. २०२२ मध्यें ‘सायन्स’ या नियतकालिकांत सुमारें दोन कोटि लोकांच्या संगणकीय परिचयजाळ्यावरील प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांतहि सर्वांत उपयोगी ठरले ते मध्यम प्रतीचे सैल धागे. अगदींच तुटक नव्हेत, आणि घट्ट तर नव्हेतच.

मग सभेला गेलें कीं झालें काय? तसें नाहीं. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांतील पॉल इन्ग्रॅम व मायकेल मॉरिस यांनीं सुमारें शंभर व्यवसायी मंडळींच्या मेळाव्यांत प्रत्येकाच्या छातीवर विद्युत्-बिल्ला लावून कोण कोणाशीं किती वेळ बोलतो हें टिपलें. नवीं माणसें भेटावीं अशी इच्छा जवळजवळ सर्वांनींच आधीं सांगितली होती. प्रत्यक्षांत जमलेल्यांपैकीं जे सुमारें एकतृतीयांश लोक आधींच ओळखीचे होते, त्यांच्याशींच बोलण्यांत मंडळींचा अर्धा वेळ गेला. हा अभ्यास २००७ चा. पण लग्नमंडपांत जाऊन आपल्याच गांवकऱ्यांच्या पंगतीला बसणाऱ्या कोणालाहि तो नवा वाटूं नये.

जुन्या शाखांनीं यावर आपापल्या परीनें तोडगे काढले आहेत. हातांत कामाची यादी घेऊन दाराशीं उभा राहणारा सभासद वर्षभरांत सर्वांच्या ओळखीचा होतो. कोपऱ्यांत चहाचा पेला धरून नोकरीची चौकशी करणारा होत नाहीं. म्हणून नव्या माणसाला आल्या आल्या एखाद्या समितींत घालतात, निदान खुर्च्या मांडावयास तरी सांगतात. २०२० च्या साथींत सभा पडद्यावर गेल्या, व्याख्यानें पूर्वीसारखींच झालीं, पण खुर्च्या मांडावयाचें काम उरलें नाहीं. सभा पुन्हा दिवाणखान्यांत भरूं लागल्यावर कांहीं ठिकाणीं प्रथमच येणाऱ्याच्या नांवाच्या चिठ्ठीला निराळ्या रंगाची फीत लावतात. आणि ती फीत दिसली कीं, पदाधिकाऱ्यानें हातांतलें बोलणें थांबवून तिकडे जावें, अशी तेथील रीत आहे.