बिनतारी जाळ्यातील जुने रेडिओ कार्ड : केव्हा व कसे बदलावे

ई-पीक पाहणी सन २०२१ पासून राज्यभर सुरू झाली आणि आपल्या शेतातील पिकाची नोंद सात-बारावर चढविण्याचे काम शेतकऱ्याच्या हाती आले. शेतात छायाचित्र काढले, तरी ती माहिती पुढे धाडण्यास इंटरनेट लागतेच. ज्या गावी मोबाईलची रेंज क्षीण असते, तेथे मुदत संपत आली की ग्रामपंचायतीच्या किंवा सोसायटीच्या कचेरीपाशी गर्दी जमते. आणि नेमके त्याच वेळी तेथील वाय-फाय मंदावते. नोंद मुदतीत झाली नाही, तर पुढे शेतकऱ्याचीच अडचण होते. अशा वेळी जुने यंत्र टाकून नवे घेण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. परंतु फाळ झिजला म्हणून कोणी नांगर मोडीत काढीत नाही. पुष्कळ यंत्रांत केवळ रेडिओ कार्ड बदलूनही काम भागते.

रेडिओ कार्ड म्हणजे काय ?

बिनतारी संदेश देणाऱ्या-घेणाऱ्या पेटीस ॲक्सेस पॉइंट म्हणतात. तिच्यात हिशेब ठेवणारा मुख्य फलक असतो व त्यावर खाचेत बसविलेले लहानसे रेडिओ कार्ड असते. तारेने आलेली माहिती रेडिओलहरींत पालटून अँटेनाकडे देणे व उलट काम करणे, हे या कार्डाचे कार्य होय.

सन २००३ मधील ‘जी’ प्रकारच्या कार्डाचा वेग कागदोपत्री सेकंदास ५४ मेगाबिट असतो. प्रत्यक्षात त्यातील निम्म्याहून कमीच पदरात पडतो आणि तोही सर्वांत वाटला जातो. शिवाय अरुंद पाणंदीत पुढे बैलगाडी असली की मागची सर्व वाहने जशी खोळंबतात, तसे एखादे जुने, मंद उपकरण इतरांचाही वेळ खाते. सन २००९ च्या ‘एन’ प्रकारात एकाच वेळी अनेक अँटेनांतून निरनिराळी माहिती पाठविण्याची सोय झाली. दोन अँटेना असल्यास नेहमीच्या २० मेगाहर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यातही त्याचा वेग कागदोपत्री १४४ मेगाबिटपर्यंत जातो. मात्र दोन अँटेनांच्या कार्डास एकच अँटेना जोडल्यास हा लाभ मिळत नाही.

दोष कार्डाचाच आहे काय ?

विहिरीला पाणीच नसेल, तर मोठा पंप बसवून उपयोग नाही. म्हणून प्रथम इंटरनेट आणणाऱ्या मूळ राउटरला लॅपटॉप तारेने जोडून वेग मोजावा. तेथेच वेग कमी आढळला, तर कार्डास दोष देऊ नये. सेवा पुरविणाऱ्याकडे तक्रार करावी. तारेवर वेग चांगला आणि यंत्राजवळ उभे राहूनही वाय-फायवर वाईट असेल, तरच कार्डाचा विचार करावा. तसेच यंत्राचा तारेचा दरवाजा १०० मेगाबिटचा असल्यास त्याहून अधिक वेगाच्या कार्डावर पैसा खर्च करणे व्यर्थ आहे.

कार्डाची निवड

खरेदीपूर्वी पुढील गोष्टी तपासाव्यात :

(१) खाच : जुन्या मिनी-पीसीआय खाचेस १२४ संपर्कपट्ट्यांचे कार्ड लागते, तर मिनी-पीसीआय एक्स्प्रेस खाचेस ५२ पट्ट्यांचे. एकीचे कार्ड दुसरीत बसत नाही. काही यंत्रांत रेडिओ मुख्य फलकावरच डाकलेला असतो; तेथे कार्ड बदलता येत नाही.

(२) आज्ञावली : यंत्रातील आज्ञावलीस नवे कार्ड ओळखता आले पाहिजे. न ओळखल्यास उत्तम कार्डही निरुपयोगी ठरते.

(३) वीज : अधिक शक्तीचे कार्ड अधिक वीज घेते. नवे कार्ड घातल्यावर गर्दीच्या वेळी यंत्र आपोआप बंद-चालू होऊ लागले, तर वीजपुरवठा अपुरा असल्याचा संशय घ्यावा.

(४) लहरींचा पट्टा : २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी दूर पसरतात व भिंतींतून त्यामानाने बऱ्या जातात. ५ गिगाहर्ट्झवर वेग अधिक मिळतो. पण पल्ला कमी व अडथळ्यांचा उपद्रव जास्त. पट्टा बदलल्यास त्या पट्ट्याची अँटेनाही घ्यावी. दोन इमारतींमधील जोडणी उन्हाळ्यात उत्तम चालून पावसाळ्यात बंद पडत असेल, तर मध्ये पालवलेली झाडे पाहावीत. पाण्याने भरलेली पाने लहरी शोषून घेतात.

बदलण्याची रीत

प्रथम यंत्रातील सर्व मांडणी उतरवून अथवा साठवून ठेवावी. नंतर वीज बंद करावी आणि जाळ्याची तारही काढावी. खांबावरील यंत्रास पुष्कळदा याच तारेतून वीज येते. आभाळात गडगडाट असताना खांबावर चढू नये.

काम करणाऱ्याने जमिनीशी जोडलेल्या धातूस हात लावून अंगातील स्थिर विद्युत घालवावी आणि कार्ड कडांनाच धरावे. अँटेनाच्या बारीक तारांवर खुणा करून त्यांची टोके सरळ वर उचलावीत. तिरपी ओढल्यास ती तुटतात. बाजूचे चिमटे फाकविले की मिनी-पीसीआय कार्ड वर उचलले जाते. एक्स्प्रेस कार्ड बहुधा स्क्रूने बसविलेले असते. नवे कार्ड तिरपे धरून संपर्कपट्ट्या खाचेत पूर्ण सरकवाव्यात व मग ते खाली दाबावे. अँटेना जोडल्यावाचून वीज कदापि सुरू करू नये, कारण बाहेर पडू न शकलेली शक्ती परत फिरून कार्डास इजा करू शकते. पेटी बंद करताना रबरी पट्टी नीट बसवावी आणि तारेला पेटीखाली झोळ द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी आत न जाता झोळावरून ठिबकेल.

कायद्याची मर्यादा

भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जानेवारी २००५ च्या नियमांनी आणि ५ गिगाहर्ट्झचा विस्तृत पट्टा ऑक्टोबर २०१८ च्या नियमांनी परवान्यावाचून वापरण्यास खुला झाला. तथापि शक्तीचे बंधन आहे. २.४ गिगाहर्ट्झवर कार्डाची शक्ती १ वॉट व अँटेनासह परिणामी शक्ती ४ वॉट यांहून अधिक नसावी. ६ डेसिबलची अँटेना शक्ती चौपट करते, म्हणून १ वॉटच्या कार्डास तेवढीच पुरे. १२ डेसिबलची अँटेना ती सुमारे सोळापट करते. तेव्हा कार्ड पाव वॉटवर आणावे. यंत्रात देश म्हणून ‘भारत’च निवडावा आणि मान्यताप्राप्त कार्डच घ्यावे.

फलाची तपासणी

कार्ड बदलण्यापूर्वी व नंतर, त्याच तीन-चार जागी व त्याच वेळी, वेग मोजून वहीत लिहावा. जुनी ‘वेप’ कुलूपपद्धती सहज फोडली जाते, म्हणून ती सोडून निदान ‘डब्ल्यूपीए-२’ वापरावी व परवलीचा शब्द बदलावा. हे सर्व काम हंगामाच्या आरंभीच उरकावे. मुदतीच्या शेवटच्या दिवशी खांबावर शिडी लावणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखे आहे.