राखणदाराचे भाबडेपण

संगणकात विषाणू शिरू नये म्हणून आपण अँटिव्हायरस बसवितो आणि निर्धास्त होतो. परंतु हा राखणदारही अखेर माणसाने लिहिलेला एक प्रोग्रॅमच आहे. इतर प्रोग्रॅममध्ये जे दोष राहतात, ते त्याच्यातही राहू शकतात. त्यांपैकी एका जुन्या दोषाला ‘बफर ओव्हरफ्लो’ म्हणतात.

बफर म्हणजे आलेली माहिती तात्पुरती ठेवण्यासाठी संगणकाच्या स्मृतीत राखलेली ठरावीक जागा. शेराच्या मापात दोन शेर धान्य ओतले, तर उरलेले जमिनीवर सांडते. स्मृतीत मात्र मोकळी जमीन नसते. सांडलेली माहिती शेजारच्या नोंदींवर पडून त्या पुसून टाकते. पुढचे काम कोणते, ही नोंदही त्यांत असू शकते. धूर्त मनुष्य अशा बेताने सांडवितो, की त्या जागी त्याचाच हुकूम उमटावा. १९८८ साली अमेरिकेत हजारो संगणक ठप्प करणाऱ्या ‘मॉरिस वर्म’च्या अनेक वाटांपैकी एक वाट हीच होती.

आता राखणदाराची अडचण पाहा. दारी येणारे प्रत्येक गाठोडे, आपण हात लावण्यापूर्वीच, त्याला सोडून पाहावे लागते. गूगलच्या ‘प्रोजेक्ट झीरो’मधील टॅव्हिस ऑर्मंडी यांनी २०१६ साली सिमँटेक कंपनीच्या अँटिव्हायरसमधील असाच दोष उघड केला. ‘एएसपॅक’ या साधनाने आवळलेली फाइल सोडताना जागा राखली जाई फाइलीतील एका आकड्याप्रमाणे, आणि माहिती ओतली जाई दुसऱ्या आकड्याप्रमाणे! दुसरा आकडा मोठा असला तर काय, हे ताडून पाहण्याची सोयच नव्हती. शिवाय विंडोजवर हे काम कर्नलमध्ये, म्हणजे साऱ्या घराच्या किल्ल्या जेथे असतात तेथे, चाले. त्यामुळे ईमेलने फाइल नुसती आली, ती कोणी उघडली नाही, तरी संगणक परक्याच्या ताब्यात जाऊ शकत होता. कंपनीने त्याच वर्षी दुरुस्ती पाठविली.

कुंपणच शेत खाते, असे आपण म्हणतो. येथे कुंपण बेइमान नव्हते, भाबडे होते. आणि भाबड्याच्या हाती सर्व किल्ल्या होत्या. यावर उपाय दोन. पहिला, ओतण्यापूर्वी माप तपासणे. दुसरा, परके गाठोडे माजघरात न आणता देवडीवरच सोडणे. या देवडीला ‘सँडबॉक्स’ म्हणतात. मायक्रोसॉफ्टने २०१८ साली आपल्या ‘डिफेंडर’ला ती सोय दिली.

तेव्हा राखणदाराला काढून टाकू नये. मात्र त्याच्या दुरुस्त्या येतील त्या दिवशीच घ्याव्यात. दोष जाहीर झाला, की तो चोरालाही कळलेला असतो.