बाराशे नमस्कारांपासून तीन सेटपर्यंत

जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यातलं जांब समर्थ हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. 1608 च्या रामनवमीला सूर्याजीपंत ठोसरांच्या घरी जन्मलेला नारायण पुढे नाशिकजवळच्या टाकळीला बारा वर्षं राहिला आणि तिथे रोज बाराशे सूर्यनमस्कार घालायचा, असं परंपरा सांगते. मिनिटाला पाच धरले तरी चार तास होतात! आकड्याच्या खरेखोटेपणात न शिरता एवढं तरी दिसतं, की व्यायाम मोजायचा तो संख्येने.

तालमीतही तेच चाललं. जोर किती मारले, बैठका किती काढल्या, एवढंच वस्ताद विचारणार. दम किती लागला, मध्ये किती थांबला, हे त्याच्या नजरेला कळायचं. लिहून कोण ठेवतो?

लिहून ठेवणारे विसाव्या शतकात भेटले. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांवर पुस्तकं लिहिली, त्यातलं एक 1938 मध्ये लंडनहून निघालं. बडोद्याला द. चिं. मजुमदारांनी व्यायामज्ञानकोशाचे खंडच्या खंड काढले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक तर 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी व्यायामाची प्रात्यक्षिकं करून आलं.

आज जिममध्ये ऐकू येणारे ‘सेट’ आणि ‘रेप’ रूढ व्हायला मात्र दुसरं महायुद्ध कारण ठरलं. थॉमस डिलॉर्म हा अमेरिकी लष्करी डॉक्टर जखमी सैनिकांचे पाय पुन्हा बळकट करत होता. 1945 नंतर त्याची पद्धत अशी ठरत गेली: जे वजन जेमतेम दहा वेळा उचलता येतं, ते पूर्ण वजन मानायचं. आधी त्याच्या निम्म्याने दहा वेळा, मग पाऊण वजनाने दहा, शेवटी पूर्ण वजनाने दहा. प्रत्येक उचल म्हणजे रेप, दहांचा गट म्हणजे सेट. दहा सोपे वाटू लागले की वजन वाढवायचं. हाच ‘प्रोग्रेसिव्ह ओव्हरलोड’. जोर-बैठकांत वजन आपल्याच अंगाचं, म्हणून वाढते ती संख्या. आणि शंभरावरून दोनशेवर जाताना ताकदीपेक्षा दमच जास्त वाढतो. बाराशे नमस्कारही त्याच हिशेबात बसतात.

दमाच्या व्यायामाला ‘एरोबिक्स’ हे नाव केनेथ कूपरच्या 1968 च्या पुस्तकाने घरोघरी नेलं. जिममधलं ‘कार्डिओ’ ते हेच. मध्यम जोराची साधी खूण म्हणजे चालताना बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही. 1996 मध्ये जपानी संशोधक ताबातांनी जिवाच्या आकांताचे वीस सेकंद, दहा सेकंद विश्रांती, अशा फेऱ्यांवरचा अभ्यास मांडला. त्याच घराण्यातला ‘हिट’ (HIIT) आता जिमच्या फलकांवर तासाभराच्या वर्गाला लावलेला दिसतो. तासभर जिवाचा आकांत कोण करणार, हा प्रश्न फलक रंगवणाऱ्याला पडत नाही.

मराठवाड्यातल्या गावांत या शब्दांची खरी कसोटी पोलीस भरतीत लागते. मुलांच्या मैदानी चाचणीत 1600 मीटर, 100 मीटर आणि गोळाफेक. तिन्हींना मिळून तयारीच्या बोलीत एकच शब्द, ‘स्टॅमिना’. पण तो खरा लागतो 1600 ला. 7.260 किलोचा गोळा फेकायला पाय-कमरेची ताकद हवी, त्यासाठी वजनाचे मोजके सेट. 100 मीटरचा सराव करताना दोन धावांमध्ये काही मिनिटांची पुरती विश्रांती लागते. धापा टाकत मारलेली दहावी फेरी वेग वाढवत नाही.