दस्तुरीच्या पुढे गाडी का जात नाही?

"माथेरानला गाड्या वर सोडत नाहीत, कारण घोडेवाल्यांचा धंदा बुडेल." हे वाक्य मी इतक्या वेळा आणि इतक्या शिकल्यासवरल्या माणसांकडून ऐकलं आहे की आता त्याला उत्तर द्यायलाच हवं. कधी त्याला जोड मिळते, "नगरपालिका त्यांच्याच खिशात आहे." कधी त्याहून ठाम, "नगराध्यक्षानं मनात आणलं तर उद्या रस्ता उघडेल." दस्तुरी नाक्यावर गाडी लावायची, वाहनतळाची पावती फाडायची, माणशी पन्नास रुपये प्रवासी कर भरायचा आणि मग पोरंबाळं, बॅगा सांभाळत लाल धुळीतून अडीच-तीन किलोमीटर चालत बाजारपेठ गाठायची. असा माणूस वैतागला तर त्यात नवल नाही. पण वैताग खरा आहे म्हणून त्यानं शोधलेलं कारणही खरं, असं होत नाही.

दस्तुरीच्या पुढे मोटार जात नाही याचं आजचं कायदेशीर कारण 4 फेब्रुवारी 2003 या तारखेला सापडतं. त्या दिवशी केंद्र सरकारच्या पर्यावरण आणि वन मंत्रालयानं पर्यावरण (संरक्षण) अधिनियम 1986खाली अधिसूचना काढली आणि माथेरान व त्याच्या भोवतालचा सुमारे 215 चौरस किलोमीटरचा मुलूख 'पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र' म्हणून जाहीर केला. याच अधिसूचनेत माथेरान नगरपरिषदेच्या हद्दीतल्या वाहनबंदीचा नियम आहे. रुग्णवाहिका आणि अग्निशमन गाडी यांना त्यातून सूट आहे. ही अधिसूचना दिल्लीत निघाली आणि बदलायची तर दिल्लीतच बदलावी लागेल. नगरपरिषदेच्या सभागृहात एकमुखानं ठराव केला, त्यावर सगळ्या नगरसेवकांनी सह्या केल्या, तरी केंद्राच्या अधिसूचनेतलं एक अक्षर हलत नाही. स्थानिक स्वराज्य संस्था राज्याच्या कायद्यानं जन्माला येते. केंद्रीय कायद्याखालची बंदी तिला उठवता येत नाही. शाळेच्या नागरिकशास्त्रात शिकवलेली ही गोष्ट घाट चढेपर्यंत कशी विसरली जाते?

अधिसूचनेच्या आधी इथे मोटारी धावत होत्या आणि नंतर कोणीतरी त्या हुसकावल्या, असाही समज आहे. तोही चूक. 1850मध्ये ठाण्याचे तेव्हाचे कलेक्टर ह्यू मॅलेट या डोंगरावर चढले आणि त्यानंतर इथे वस्ती वाढत गेली. मोटार तेव्हा जगातच नव्हती. 1907मध्ये आदमजी पीरभॉय कुटुंबानं नेरळहून दोन फुटी रुळांची गाडी वर आणली. या गावाची घडण पायवाटा, घोडे, पालख्या, हातरिक्षा आणि आगगाडी यांच्यावरच झाली. 2003 सालच्या अधिसूचनेनं इथल्या जुन्या वहिवाटीला केंद्रीय कायद्याचं कवच दिलं.

आता घोडेवाल्यांबद्दल. त्यांच्या संघटना ई-रिक्षाच्या विरोधात न्यायालयात गेल्या, हे खरं आहे आणि ते लपवण्याचं काही कारण नाही. आपली रोजीरोटी जाईल या भीतीनं माणूस न्यायालयात जातो, तो त्याचा हक्क आहे. पण न्यायालयात बाजू मांडणारा पक्षकार म्हणजे कायदा करणारा नव्हे. उलट ई-रिक्षाचा सगळा प्रवास पाहिला की 'नगरपालिकेनं मनात आणलं तर' या समजुतीचा पायाच उखडतो. ई-रिक्षाची मागणी केली ती हातरिक्षा ओढणाऱ्या श्रमिकांनी. एक माणूस पुढून दांडी धरून ओढणार, मागून एक-दोघे ढकलणार, आणि मधल्या खुर्चीवर एक प्रवासी. पावसाळ्यात चिखलातून, उन्हाळ्यात धुळीतून, चढावर छाती फुटेपर्यंत. ही माणसं म्हणाली, आम्हाला यातून सोडवा, बॅटरीवर चालणारी छोटी रिक्षा द्या. एवढ्याशा गोष्टीसाठी सर्वोच्च न्यायालय गाठावं लागलं. मे 2022मध्ये न्यायालयानं प्रायोगिक तत्त्वावर परवानगी दिली. डिसेंबर 2022मध्ये तीन महिन्यांचा प्रयोग सुरू झाला. पुढे न्यायालयानंच ई-रिक्षांची संख्या वीसवर रोखून धरली. नगरपरिषद खरोखर सर्वेसर्वा असती, तर वीस तीनचाकी रिक्षांसाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला तारखांवर तारखा का द्याव्या लागल्या असत्या?

6 ऑगस्ट 2025 रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठानं या प्रकरणात निकाल दिला. माणसानं माणसाला ओढण्याची ही पद्धत सहा महिन्यांत बंद करा, हातरिक्षावाल्यांचं ई-रिक्षा देऊन पुनर्वसन करा आणि पैसे नाहीत ही सबब सांगू नका, असं न्यायालयानं राज्य सरकारला बजावलं. गुजरातेत केवडियाला स्थानिक आदिवासी महिलांना ई-रिक्षा भाड्यानं देण्याची जी योजना आहे, तिचा दाखलाही दिला. खऱ्या हातरिक्षावाल्यांची यादी ठरवायचं काम जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीवर सोपवलं. सायकलरिक्षा ओढणाऱ्यांच्या प्रतिष्ठेबद्दल याच न्यायालयानं 1980मध्ये आझाद रिक्षा पुलर्स युनियनच्या खटल्यात जे सांगितलं होतं, त्याची आठवण पंचेचाळीस वर्षांनी पुन्हा करून द्यावी लागली. माथेरानबद्दल चीड यायची असेल तर ती इथे यावी. आपली गाडी दारापर्यंत गेली नाही, ही त्यापुढे फार किरकोळ तक्रार आहे.

बंदीमागचं कारणही कोणाच्या लहरीत सापडणार नाही. ते या डोंगराच्या मातीत आहे. माथेरानचा माथा म्हणजे खाली काळा बसाल्ट आणि वर जांभ्याची टोपी. जांभा सच्छिद्र, त्यावरची लाल माती सैल, आणि पाऊस घाटमाथ्याचा. झाडांच्या मुळांनी ती माती धरून ठेवलेली आहे. बाजारपेठेतून एखाद्या पॉइंटकडे जाणाऱ्या वाटेवर जून-जुलैत उभं राहा. वाटेच्या मधोमध पाण्यानं कोरलेली घळ दिसते, कडेला झाडांची मुळं उघडी पडलेली दिसतात. नुसत्या पावलांनी आणि नालांनी ही अवस्था होते. सपाटीचा हा माथा सारा मिळून सात चौरस किलोमीटरच्या आसपासचा. सुट्टीच्या दिवशी दस्तुरीच्या वाहनतळावर ज्या रांगा लागतात, तेवढ्या गाड्या या माथ्यावर सोडल्या तर त्या उभ्या कुठे करणार? झाडं तोडल्याशिवाय जागा होणार नाही, आणि झाडं तुटली तर ज्या सावलीसाठी आपण मुंबई-पुण्याहून येतो ती सावलीच राहणार नाही.

दुसरा गैरसमज प्रवासी कराचा. "पन्नास रुपये तिकीट घेतलं, मग घोडा एवढा महाग का? ट्रेन का चुकली? पाण्याची बाटली दुप्पट किमतीला का?" हे पैसे म्हणजे बागेचं तिकीट नव्हे. तो नगरपरिषदेचा कर आहे. 2011च्या जनगणनेत माथेरानची लोकसंख्या साडेचार हजारांहूनही कमी भरली. वर्षाला येणारे पर्यटक काही लाख. त्यांनी टाकलेला कचरा उचलायचा, त्यांच्यासाठी स्वच्छतागृहं धुवायची, पॉइंटांच्या वाटांवर दिवे लावायचे आणि हे सगळं साडेचार हजार रहिवाशांच्या घरपट्टीतून भागवायचं, हे गणित कुठल्याही नगरपरिषदेला जमणार नाही. म्हणून येणाऱ्यानं थोडा वाटा उचलायचा. त्या पैशाचं काय झालं, असा प्रश्न मात्र जरूर विचारावा. पाण्याच्या बाटलीचं म्हणाल तर तीही दस्तुरीहून घोड्याच्या पाठीवर नाहीतर हातगाडीनं वर येते. सकाळी लवकर उठलात तर दोन्ही अंगांना गॅसच्या टाक्या बांधलेले घोडे बाजाराकडे चाललेले दिसतील. ती मजुरी किमतीत मिसळते.

वर काहीही बिघडलं की लोक एकच दार ठोठावतात, ते नगरपरिषदेचं. वास्तविक एवढ्याशा डोंगरावर बरीच खाती एकमेकांना खेटून बसली आहेत. मिनी ट्रेन मध्य रेल्वेची. तिचं वेळापत्रक, भाडं, डबे यांत नगरपरिषदेला काडीचाही अधिकार नाही. पाणीपुरवठा महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाचा. वीज महावितरणची. आसपासचं जंगल वनखात्याचं. बंगल्यांचे आणि बाजारातले बहुतेक भूखंड सरकारी पट्ट्याचे, त्यांचं दप्तर महसूल खात्याच्या माथेरान अधीक्षक कार्यालयात. अधिसूचनेचं पालन होतं की नाही हे पाहायला केंद्रानं नेमलेली सनियंत्रण समिती. या सगळ्यांतून नगरपरिषदेच्या वाट्याला उरतं ते सफाई, दिवाबत्ती, गावातले रस्ते, शाळा, बी. जे. रुग्णालय आणि बाजार. काम थोडं नाही, पण लोक समजतात तेवढं राज्यही नाही. त्यात राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांत मुदत संपल्यावर निवडणुका लांबल्या, डिसेंबर 2025मध्ये मतदान होईपर्यंत मुख्याधिकारी किंवा महसूल अधिकारी प्रशासक म्हणून कारभार पाहत होते. ज्या काळात "नगराध्यक्ष काय करतो" म्हणून लोक ओरडत होते, त्यातली काही वर्षं नगराध्यक्षच नव्हता.

याचा अर्थ नगरपरिषदेला सोडून द्यावं असा नाही. दस्तुरी नाका हे तिचं दार आहे आणि त्या दारात पर्यटकाची फसवणूक होत आली आहे. "ट्रेन बंद आहे", "ई-रिक्षा आज नाही", "चालत गेलात तर दोन तास लागतील" असं सांगून नवख्या माणसाला घोड्यावर बसवायचं, हा प्रकार इतका वाढला की मार्च 2025मध्ये माथेरानच्या रहिवाशांनी आणि व्यापाऱ्यांनीच त्याविरुद्ध बंद पुकारला. दुकानं, हॉटेलं बंद ठेवून स्वतःचं नुकसान सोसून गाव म्हणालं, आमच्या पाहुण्यांना फसवू नका. 'स्थानिकांना फक्त पैसे उकळायचे असतात' असं म्हणणाऱ्यांनी या बंदची बातमी शोधून वाचावी. दस्तुरी नाक्यावर गरज होती ती मोठ्या अक्षरांतल्या, मराठी-हिंदी-गुजराती दरफलकाची, ट्रेनच्या आणि ई-रिक्षाच्या वेळा सांगणाऱ्या माहिती खिडकीची आणि उभ्या राहिलेल्या पोलिसाची. यातल्या पहिल्या दोन गोष्टींसाठी कोणत्याही न्यायालयाची परवानगी लागत नाही. इथे नगरपरिषदेला जाब विचारला तर तो योग्य ठिकाणी विचारलेला जाब असेल.

बाकीचे समज थोडक्यात उरकतो.

"पेव्हर ब्लॉक टाकले म्हणजे आता गाड्या सोडणार." नाही. दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर मातीचे ब्लॉक बसवायला न्यायालयानं मुभा दिली, ती धूप थांबावी आणि ई-रिक्षा चालावी म्हणून. आतल्या वाटांवर आणि घोड्यांच्या रस्त्यांवर ते बसवायचे नाहीत, हेही त्याच निकालात आहे.

"पावसाळ्यात ट्रेन बंद असते." अर्धंच खरं. नेरळहून वर येणारी गाडी दरडींच्या भीतीनं पावसाळ्यात थांबवतात. अमन लॉज ते माथेरान ही शटल एरवी चालू असते. अमन लॉज स्टेशन दस्तुरीपासून चालत काही मिनिटांवर आहे, तिथे स्वतः जाऊन तिकीटखिडकीवर विचारावं. नाक्यावर आपणहून पुढे येऊन माहिती देणाऱ्याचं ऐकू नये.

"ट्रेन रेल्वे मुद्दाम बंद ठेवते." जुलै 2005च्या अतिवृष्टीत मार्ग वाहून गेला, तो पूर्ववत व्हायला 2007 उजाडलं. 2016मध्ये डबे घसरल्यावर सेवा थांबली. 2019च्या पावसानं पुन्हा रूळ उखडले आणि नेरळहून गाडी सुटायला ऑक्टोबर 2022 यावा लागला. इतक्या तीव्र वळणांच्या घाटात दोन फुटी रुळांचा मार्ग टिकवणं सोपं नसतं.

"घोड्यांच्या लिदीनं गाव घाण झालं आहे, कोणी काही करत नाही." लीद आहे, वास आहे, तक्रार रास्त आहे. पण हॉटेलांचं खरकटं आणि लीद यांवर चालणारा बायोगॅस प्रकल्प भाभा अणुसंशोधन केंद्राच्या 'निसर्गऋण' तंत्रानं इथेच उभारला गेला. असा प्रकल्प सातत्यानं, पूर्ण क्षमतेनं चालवला जातो का, हे विचारणं जास्त उपयोगाचं.

"संवेदनशील क्षेत्र म्हणजे बांधकामच करता येत नाही." करता येतं, पण नियमांच्या चौकटीत आणि परवानगीनं.

आता तक्रार कुठे करायची ते. ट्रेनबद्दल असेल तर रेल्वेच्या 139 क्रमांकावर. फसवणूक, दमदाटी, जास्त पैसे उकळणं याबद्दल माथेरान पोलीस ठाण्यात, आणि ती त्याच दिवशी, घोड्याचा क्रमांक टिपून. वाहनतळाबद्दल असेल तर पावतीवर ज्याचं नाव छापलं आहे त्याच्याकडे. प्रवासी कराची पावती वेगळी असते, दोन्ही जपून ठेवाव्यात. नाक्यावरची अस्वच्छता, बंद दिवे, नसलेले फलक याबद्दल नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांच्या नावे लेखी अर्ज द्यावा किंवा 'आपले सरकार' पोर्टलवर नोंदवावा. प्रवासी करातून वर्षाला किती रक्कम जमा झाली आणि ती कोणत्या शीर्षाखाली खर्च झाली, हे नगरपरिषदेच्या अंदाजपत्रकात असतं. मिळालं नाही तर माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर मागता येतं.