वालाच्या दाण्यातला अडसर

कमला सोहोनी यांचे नाव मराठी वाचकाला सहसा दोनच संदर्भांत ठाऊक असते : दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण म्हणून, आणि सी. व्ही. रामन यांनी केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारल्यावर बंगळूरच्या विज्ञान संस्थेत हटून बसलेली विद्यार्थिनी म्हणून. १९३३मधला तो प्रसंग आणि पहिल्या वर्षापुरत्या घातलेल्या अपमानकारक अटी इतक्यांदा सांगून झाल्या आहेत, की त्यांच्याआड संशोधनच झाकून गेले आहे. आणि रामन यांचा निर्णय कितीही निषेधार्ह असला, तरी एका शास्त्रज्ञ स्त्रीची ओळख तिला मिळालेल्या नकारावरून ठरावी, हा तिच्यावरचा दुसरा अन्याय म्हणावा लागतो.

केंब्रिजमध्ये जीवरसायनशास्त्रज्ञ हॉपकिन्स यांच्या विभागात रॉबिन हिल यांच्यासह त्यांनी वनस्पतींच्या श्वसनावर काम केले आणि १९३९मध्ये अवघ्या चाळीसेक पानांच्या प्रबंधावर पीएच.डी. मिळवली. वनस्पतींतील ‘सायटोक्रोम सी’ त्यांनी शोधले, असे चरित्रपर लेखांत सर्रास आढळते; मात्र हिल आणि भागवत यांचे ‘नेचर’मधील १९३९चे टिपण सपुष्प वनस्पतींतील सायटोक्रोम ऑक्सिडेजविषयी, म्हणजे श्वसनसाखळीच्या शेवटी इलेक्ट्रॉन प्राणवायूच्या हवाली करणाऱ्या विकराविषयी आहे. याच विषयावरचा विस्तृत निबंध १९५१मध्ये प्रसिद्ध झाला तोही ‘भागवत’ याच नावाने, वस्तुतः १९४७च्या विवाहानंतर त्या सोहोनी झाल्या होत्या. त्यामुळे ग्रंथसूचीत एकच आडनाव धरून शोधणाऱ्याच्या हाती त्यांचे अर्धेच काम लागते.

दिल्लीचे लेडी हार्डिंज महाविद्यालय आणि कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा ही वळणे घेऊन त्या मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये आल्या, आणि त्यांच्या कारकिर्दीचा सर्वांत सकस भाग येथूनच सुरू होतो. कच्चे सोयाबीन उंदरांना मानवत नाही, शिजवलेले मानवते, हे ऑस्बॉर्न आणि मेंडेल या आहारसंशोधकांनी १९१७मध्येच दाखवले होते. त्यामागच्या कारणांपैकी एक म्हणजे ट्रिप्सिनरोधक, अर्थात स्वादुपिंडातून येणाऱ्या आणि प्रथिनांचे तुकडे करणाऱ्या ट्रिप्सिन या विकराला, कुलपात चुकीची किल्ली अडकून बसावी तसे, निकामी करणारे प्रथिन. सोयाबीनमधला असा रोधक कुनिट्झ यांनी १९४५च्या सुमारास स्फटिकरूपात मिळवला. सोहोनींनी तोच प्रश्न भारतीय ताटाला विचारला : १९५४मध्ये भांडारकर यांच्यासह भाज्यांतील रोधकांचा शोध प्रसिद्ध झाला, तर १९५५मध्ये आंबे यांच्यासह वाल आणि डबल बी यांतील स्फटिकरूप रोधकांविषयीचे टिपण ‘नेचर’मध्ये आले. मिश्रणातून स्फटिक मिळवणे म्हणजे ते प्रथिन पुरेशा शुद्ध रूपात हाती लागणे, आणि म्हणून हे काम निव्वळ आहारतक्ते भरण्याच्या पलीकडचे होते.

भातकापणीनंतर जमिनीतल्या उरल्या ओलीवर वाल घेणाऱ्या कोकणपट्टीला, आणि वालाचे बिरडे अगत्याने करणाऱ्या भाईंदर-वसईकडच्या स्वयंपाकघरांना, हा विषय दूरचा नाही. वाल भिजवून, मोड आणून, सोलून नीट शिजवायचे ही रीत कुणा गृहिणीने रसायनशास्त्र वाचून घातलेली नाही. पण ओल्या उष्णतेने रोधकाचा जोर बव्हंशी मोडतो, एवढे प्रयोगशाळेने तिच्या बाजूने नोंदवले आहे.

राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून हाती घेतलेल्या नीरेच्या, म्हणजे ताडाच्या न आंबलेल्या गोड रसाच्या, पोषणमूल्यावरील कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला, आणि प्रसिद्धी याच कामाच्या वाट्याला अधिक आली. दारूबंदीच्या त्या काळात नीरेला सरकारी कौतुकाची जोड होती, हे येथे विसरता येत नाही. शास्त्रीय वजनाच्या दृष्टीने पाहिले, तर वालावरचेच काम सरस ठरते. मुंबईच्या संस्थेचे संचालकपद त्यांना मिळाले, तेही चार वर्षे रखडून. पुढे ग्राहक चळवळीत त्यांनी अन्नभेसळीवर लेखन केले.

रोधकांची कहाणी मात्र पोषणाच्या बाहेर गेली. किडीने पान कुरतडताच टोमॅटो आणि बटाट्याची रोपे असेच रोधक तयार करू लागतात, हे ग्रीन आणि रायन यांनी १९७२मध्ये दाखवले, आणि माणसाच्या पचनातला अडसर वनस्पतीचे संरक्षण ठरला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही, हरभऱ्याचे घाटे पोखरणाऱ्या अळीच्या आतड्यातील विकरांना कोणते रोधक पुरे पडतात, हे अनेक वर्षे तपासले गेले आहे. आणि अळी त्यांवर मात करणारी नवी विकरे निर्माण करते, असे तेथे आढळले.