‘माझे चुकले’ म्हणताना जीभ का अडते?

माणूस चुकतो, हे सर्वांनाच मान्य आहे. लग्नघरात विचारा, मंडळाच्या बैठकीत विचारा, ‘माणूस म्हटला की चुकायचाच’ असे उत्तर ठरलेले आहे. पण तुम्ही नेमके कोठे चुकलात, कोणाच्या बाबतीत चुकलात, असे विचारले की सूर बदलतो. दुसऱ्याची ती चूक असते. आपली मात्र ‘त्या वेळची परिस्थितीच तशी’ असते.

याला आपण अहंकार म्हणतो आणि मोकळे होतो. आम्हाला वाटते, गोष्ट एवढी सोपी नाही. उद्धट माणूस चूक कबूल करीत नाही यात नवल ते काय? पण शिकलेला, सज्जन, दुसऱ्यासाठी राबणारा माणूसही तेच करतो, तेव्हा कारण खोलवर शोधावे लागते. त्यासाठी वैद्यकाच्या इतिहासातील एक खरी हकीकत वाचकांपुढे ठेवतो. ती बाळंतिणींची आहे.

एका इस्पितळाचे दोन विभाग

ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना. तेथील मोठ्या सरकारी इस्पितळात १८४० नंतरच्या काळात बाळंतपणाचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी काम करीत, दुसऱ्यात सुईणी. येणाऱ्या स्त्रिया बहुतेक गरीब, कित्येक कुमारी माता. उपचार फुकट मिळत. त्या बदल्यात विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी त्यांना आपला देह तपासू द्यावा लागे. कोणत्या विभागात जायचे हे त्यांच्या हाती नव्हते. भरतीचे दिवस दोन्ही विभागांना वाटून दिलेले होते.

१८४६ साली पहिल्या विभागात ४,०१० बाळंतपणे झाली आणि ४५९ माता दगावल्या. दुसऱ्या विभागात ३,७५४ बाळंतपणे झाली आणि १०५ माता दगावल्या. म्हणजे डॉक्टरांच्या हाताखाली शेकडा अकराहून अधिक मृत्यू, सुईणींच्या हाताखाली शेकडा तीनपेक्षाही कमी. बाळंतज्वर हे त्या मृत्यूंचे मुख्य कारण. ही गोष्ट गावातल्या बायांना ठाऊक होती. ‘पहिल्या विभागात नका नेऊ’ म्हणून त्या गुडघे टेकून गयावया करीत. काही जणी तर रस्त्यातच बाळंत होत आणि मग इस्पितळात येत. नवल म्हणजे रस्त्यात बाळंत झालेल्यांना हा ज्वर कमी होई!

डॉक्टरांजवळ कारणांची वाण नव्हती. हवा दूषित आहे, गर्दी फार आहे, बाया घाबरतात, पुरुषांनी तपासल्याने लाजेने खचतात. पण हवा दोन्ही विभागांची एकच होती आणि गर्दी तर सुईणींच्या विभागात अधिक असे. त्या आजाराचे कारण स्वतःच्या हातात शोधावे, असे मात्र कोणाच्या मनात आले नाही.

आपल्याच हातांकडे पाहणारा

ते सुचले इग्नाझ सेमेलवाइस या तरुण हंगेरियन डॉक्टरला. मार्च १८४७ मध्ये त्यांचे एक प्राध्यापक मित्र वारले. शवविच्छेदनाच्या वेळी एका विद्यार्थ्याची सुरी त्यांच्या बोटाला लागली होती. त्यांच्या मृतदेहात आढळलेल्या खुणा बाळंतज्वराने गेलेल्या मातांसारख्याच होत्या. सेमेलवाइसांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. डॉक्टर सकाळी प्रेते फाडतात आणि तेच हात घेऊन बाळंतिणींना तपासतात. सुईणी प्रेते फाडत नाहीत.

मे १८४७ पासून त्यांनी नियम केला की, क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुतल्याशिवाय बाळंतिणीला हात लावायचा नाही. आपण ज्याला ब्लीचिंग पावडर म्हणतो, तेच हे द्रव्य. १८४८ साली पहिल्या विभागात ३,५५६ बाळंतपणांत फक्त ४५ माता दगावल्या. दोन्ही विभागांतील फरक मिटला.

एवढा पुरावा समोर आल्यावर सर्व डॉक्टरांनी हात धुवायला हवे होते. तसे झाले नाही. अनेक नामांकित प्राध्यापकांनी हे मत झिडकारले. रोगजंतूंचे ज्ञान तेव्हा नव्हते, सेमेलवाइसांनीही आपले म्हणणे वेळीच सविस्तर लिहून काढले नाही, ही कारणे खरीच. १८४९ साली त्यांची नेमणूक पुढे वाढवली गेली नाही. त्यांचा ग्रंथ १८६१ साली निघाला. पुढे संतापून त्यांनी विरोधकांना उघड पत्रांतून खुनी म्हटले, तेव्हा समोरच्यांची तोंडे आणखीच फिरली. १८६५ साली, वयाच्या ४७ व्या वर्षी, वेड्यांच्या इस्पितळात त्यांचा अंत झाला.

सज्जनाला अधिक कठीण

आता त्या डॉक्टरांच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. ‘हात धुवा’ हे ऐकणे सोपे होते. पण त्या दोन शब्दांमागे दुसरे वाक्य दडलेले होते: आजवर ज्या माता गेल्या, त्या तुमच्या हातून गेल्या. जीव वाचवण्यासाठी आयुष्य वेचलेल्या माणसाने हे कसे ऐकावे? कील येथील डॉक्टर मिखाएलिस यांनी ते ऐकले. त्यांनी हात धुण्याची पद्धत सुरू केली. पण त्यांनी तपासलेली त्यांची स्वतःची चुलत बहीण बाळंतपणानंतर वारली होती. ती टोचणी त्यांना सोसवली नाही. १८४८ साली त्यांनी आपले जीवन संपवले.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५७ साली आपल्या ग्रंथात याची उकल केली. दोन विसंगत गोष्टी मनात एकत्र नांदत नाहीत. ‘मी चांगला आहे’ आणि ‘मी वाईट केले’ या दोहोंपैकी एकीला जावे लागते. बहुधा दुसरीच जाते. नुकसान जितके मोठे, तितकी ती वेगाने हाकलली जाते. म्हणून चहात साखर जास्त पडली हे माणूस हसत कबूल करतो आणि आयुष्य बिघडवले हे कबूल करीत नाही.

आपल्या घरांत काय घडते? मुलगी दहावीला चांगल्या गुणांनी पास झालेली असते. बाप तिची शाळा थांबवतो, घाईने लग्न लावून देतो. तिला सासरी मार बसतो, ती लेकरू घेऊन परत येते. तेव्हा बाप म्हणतो, ‘तिच्या नशिबातच नव्हते.’ व्हिएन्नाचे डॉक्टर हवेला दोष देत होते, हा नशिबाला देतो. तो दुष्ट नसतो. लेकीवर त्याची माया असते, म्हणूनच त्याला ‘माझे चुकले’ म्हणवत नाही. पण त्याच्या न बोलण्याची किंमत कोण भरते? ती लेक भरते, आणि तिच्यानंतर धाकटीचीही शाळा तशीच थांबते. चूक मोठ्यांनी नाकारायची आणि भोगायची दुबळ्यांनी, हा हिशेब इस्पितळात आणि घरात सारखाच आहे.

मोठ्यांनी आधी

वर्षावासाच्या अखेरीस भिक्खूसंघात पवारणा होते. ‘माझा काही दोष तुम्ही पाहिला, ऐकला वा त्याची शंका आली असेल तर सांगा,’ अशी विनंती प्रत्येक भिक्खू संघाला करतो. श्रावस्तीच्या एका पवारणेला सुमारे पाचशे भिक्खू जमले असता, माझ्या वागण्याबोलण्यात काही दोष दिसतो का, असे स्वतः तथागतांनी विचारल्याचे सुत्तपिटकात आहे. ज्यांच्याबद्दल कोणी बोलायला धजावले नसते, त्यांनीच आधी विचारले. आमच्या मते सारे मर्म यातच आहे. लहानाने मोठ्याची चूक दाखवायची म्हणजे धाडस लागते. मोठ्यानेच विचारले तर ते धाडस लागत नाही.

म्हणून घरातील कर्त्या माणसांना आमचे सांगणे आहे. ज्यांच्यासमोर रागावलात त्यांच्यासमोरच ‘माझे चुकले’ म्हणा. चारचौघांत रागावून कानात माफी मागू नये. त्यापुढे ‘पण’ जोडू नका. ‘पण’ आला की माफी गेली. आणि शब्दांवर थांबू नका. सेमेलवाइसांनी लिहून ठेवले आहे की, आपल्या हातूनही किती माता अकाली गेल्या हे आपणच जाणत नाही. तरीही ते खचून बसले नाहीत; हात धुऊन दुसऱ्या दिवशी पुढच्या बाळंतिणीकडे गेले. शाळा थांबवली असेल तर मुक्त विद्यापीठाचा अर्ज आणा, धाकटीचे नाव कॉलेजात घाला.

ऐकणाऱ्यांनाही एक विनंती. अन्याय झालेल्याने राग गिळावा असे आम्ही म्हणत नाही. तो बोलून दाखवण्याचा तिला पुरता हक्क आहे. पण कोणी खरोखर चूक पदरात घेऊन ती निस्तरू लागला, तर दर भांडणात तीच उकरून काढू नये. कबुलीचे बक्षीस आयुष्यभराचे टोमणे असेल, तर त्या घरात पुन्हा कोणी कबुली देणार नाही.

‘मी चांगला आहे’ आणि ‘मी चुकलो’ ही दोन्ही वाक्ये एकाच माणसाच्या तोंडी शोभतात, हे मुलांना आपल्या घरात पाहायला मिळाले पाहिजे. पुस्तकात वाचून ते येत नाही.