जुन्या खेळण्यातले वाद्य

आम्ही शाळेत असताना मामांनी आखातातून गेमबॉय आणला होता. अभ्यास बुडतो म्हणून वडिलांनी तो कपाटात ठेवला. यंदा डोंबिवलीच्या घराची आवराआवर करताना तो आमच्या मुलीच्या हाती लागला. बॅटरीच्या पत्र्यांवर चढलेला क्षार तिने व्हिनेगरच्या बोळ्याने पुसला आणि यंत्र बोलू लागले!

निन्टेंडो या जपानी कंपनीने १९८९ साली काढलेल्या या खेळण्यात आवाजाच्या चार वाटा आहेत. तिघींवर सूर निघतात, चौथीच्या खरखरीतून ताल धरता येतो. जर्मनीच्या ऑलिव्हर विटचो यांनी १९९८ मध्ये ‘नॅनोलूप’ आणि स्वीडनच्या योहान कोटलिन्स्की यांनी २००० मध्ये ‘लिटल साउंड डीजे’ हे प्रोग्राम त्यासाठी लिहिले. असा प्रोग्राम कार्ट्रिजवर घालून पडद्यावरच्या चौकटींत एकेक स्वर भरायचा. यंत्र ते ओळीने वाजवते. हेडफोनच्या जागी स्पीकर जोडला की झाले वाद्य.

यात नवल नाही. जयंतीच्या मिरवणुकीत ठाणे-कल्याणात ज्यावर आपण ठेका धरतो, तो बेंजोही मूळचा जपानी. १९१२ साली नागोयाच्या गोरो मोरिता यांनी टाइपरायटरसारखी बटणे तारांवर बसवून ‘ताइशोगोतो’ केले, तेच आपल्याकडे बेंजो झाले.

मुलीला कीबोर्ड हवा होता. कारकुनाच्या पगारात आम्ही तो वर्षभर पुढे ढकलत होतो. तिने मात्र वाट पाहिली नाही. पालकहो, मुलांच्या हातातली वस्तू हिसकावण्यापूर्वी ती त्यातून काय घडवू पाहतात, तेवढे एकदा विचारा. आम्हाला कोणी विचारले नव्हते.